जुन्या पिकअपचा धूर कोणाच्या खात्यावर?



या अभ्यासवर्गासाठी जो ठरावाचा मसुदा वाटण्यात आला आहे, त्यात जुन्या मालवाहू वाहनांना पीयूसी आणि पासिंग यांच्या जाचातून मुक्त करावे, असे एक कलम आहे. त्यामागची कळकळ मला पूर्णपणे मान्य आहे. २०२२ पासून जुन्या व्यापारी वाहनांच्या पासिंगची फी अनेक पटींनी वाढली. पासिंगला उशीर झाला की दिवसाला पन्नास रुपये दंड, या आकारणीविरुद्ध २०२४ साली रिक्षा-टेम्पोचालक रस्त्यावर उतरले आणि शासनाला तिला स्थगिती द्यावी लागली. त्या लढ्यात आपण चालकांच्या बाजूने होतो, आणि तेथेच असायला हवे होते. तरीही हे कलम आहे तसे संमत होऊ नये, असे माझे मत आहे. त्याची कारणे सांगण्यासाठी मला डिझेल पिकअपचा सायलेन्सर आणि त्याच्या अलीकडे बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर यांच्याविषयी बोलावे लागेल. राजकीय व्यासपीठाला हा विषय नवखा आहे, पण आपल्या जिल्ह्याला तो नवखा नाही.

आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोले-संगमनेरचे दूध आणि टोमॅटो, पारनेर-घोडेगावचा कांदा, राहात्याची फळे हा सगळा माल गावातून बाहेर पडतो तो बहुधा पिकअपमधून. त्यांतील अनेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या असतात. चालक हाच मालक, कर्ज त्याच्याच नावावर, आणि भाडे मात्र ठरवणार व्यापारी किंवा संघ. कागदावर तो मालक असला तरी व्यवहारात तो मजूरच आहे, हे आपल्याला विसरता येणार नाही.

आता त्या डब्याविषयी. डिझेल जळाल्यावर बाहेर पडणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळालेले इंधन, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळी असते. कन्व्हर्टरमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी असून तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम या मौल्यवान धातूंचा अतिशय पातळ थर असतो. त्या थरावर पहिले दोन पदार्थ जळून जातात. मात्र त्यासाठी डबा चांगला तापावा लागतो, साधारण दोनशे अंशांच्या वर. शिवाय काजळीचा मोठा भाग आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांना तो अडवू शकत नाही; त्यासाठी वेगळी गाळणी आणि वेगळी यंत्रणा लागते, आणि ती २०२० नंतरच्या गाड्यांत आली. २००० सालच्या सुमाराच्या पिकअपमध्ये तर हा डबाही नव्हता. म्हणजे ‘जुनी गाडी’ हा एकच वर्ग नाही. काहींना डबा कधी मिळालाच नाही, काहींचा तुंबला आहे, आणि काहींचा काढून टाकला आहे.

हे असे का झाले, याचे उत्तर मिस्त्रीच्या गॅरेजपेक्षा दिल्लीच्या धोरणात शोधावे लागते. २०१० साली मुंबई, पुणे, सोलापूर यांसारख्या तेरा शहरांना भारत स्टेज चारचे मानक लागू झाले आणि उरलेल्या देशाच्या वाट्याला स्टेज तीन आले. त्या तेरांत नगर नव्हते. संपूर्ण देशाला चौथी पायरी मिळायला २०१७ उजाडले. एकाच देशातील नागरिकांना दोन प्रतींची हवा वाटून देण्याचा हा प्रकार होता, आणि त्यावर फारशी ओरडही झाली नाही. पुढे २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून स्टेज तीनच्या गाड्यांची विक्री थांबवली, तेव्हा शिल्लक माल खपवण्यासाठी कंपन्यांनी दोन-तीन दिवस मोठाल्या सवलती जाहीर केल्या. कंपन्यांची गोदामे रिकामी झाली, आणि त्या गाड्यांचा धूर त्यांच्या उरलेल्या आयुष्यभरासाठी समाजाच्या खात्यावर जमा झाला.

डबा काढून टाकणाऱ्या चालकाला गुन्हेगार ठरवणे सोपे आहे. पण त्याचा हिशेब पाहा. इंजिन झिजले की ऑइल जळू लागते, त्याचा थर जाळीवर बसतो, धूर कोंडतो, आणि करंजी घाटात किंवा चंदनापुरीला भरलेली गाडी ओढत नाही. डिझेलही जास्त लागते. नवा डबा म्हणजे कित्येक फेऱ्यांची कमाई. उलट, तो कापून जागी साधी नळी बसवली तर खर्च किरकोळ, गाडी ओढते, आणि डब्यातल्या धातूला भंगारात भाव येतो. चालकाचा फायदा उघड आहे; तोटा इतरांच्या फुप्फुसांत वाटला जातो. पिगू यांनी १९२० साली खासगी आणि सामाजिक खर्चातील ही तफावत मांडली आणि कर हा त्यावरचा उपाय सांगितला. परंतु १९५० साली कॅप यांनी दाखवून दिले, की खर्च दुसऱ्यावर ढकलणे हा खासगी उद्योगाचा अपघात नसून त्याचा स्वभाव आहे. मला कॅप अधिक पटतात. आपल्या उदाहरणात ढकलणारा पहिला हात चालकाचा नाही. ज्या भाड्यात दुरुस्तीचा पैसा धरलेलाच नाही, ते भाडे ठरवणाऱ्याचा तो हात आहे.

आणि पीयूसी? डिझेल गाडीच्या बाबतीत ती धुराचा दाटपणा तेवढा मोजते. जुन्या गाड्यांना २.४५ आणि स्टेज चारच्या गाड्यांना १.६२ ही तिची मर्यादा. कार्बन मोनॉक्साइड किंवा नायट्रोजनची ऑक्साइडे तिला दिसत नाहीत. डबा जागेवर आहे की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ही तपासणी अपुरी आहे, यात शंका नाही. पण अपुरी तपासणी रद्द केली तर ती पुरेशी कशी होणार?

हा धूर कोण घेतो, याचा विचार केला म्हणजे कलमातील खरा दोष दिसतो. बाजार समितीच्या आवारात गाडी उभी असते, इंजिन चालू असते, आणि डबा असलाच तरी थंड पडलेला असल्याने निकामी असतो. त्या धुरात मागच्या फाळक्यापाशी पाठीवर गोणी घेऊन उभा असतो तो हमाल. १९६९ साली याच राज्याने माथाडी-हमालांसाठी कायदा केला, त्यांच्या श्रमाला संरक्षण दिले. त्यांच्या श्वासाला कोणी दिले? डिझेलच्या धुराने मनुष्याला कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला आहे. त्याला सर्वांत जवळ असणारे दोघे, चालक आणि हमाल, आपलेच आहेत. एका श्रमिकाला सवलत देताना ती दुसऱ्या श्रमिकाच्या छातीतून वसूल होत असेल, तर त्या सवलतीला समाजवादी म्हणता येणार नाही.

मग करावे काय? टोकियो महानगराने ऑक्टोबर २००३ पासून मानकात न बसणाऱ्या जुन्या डिझेल ट्रकना बंदी केली, पण त्याचबरोबर गाळणी बसवून घेण्यासाठी अनुदानही दिले. पुढच्याच वर्षी गाळण्या पुरवणाऱ्या मित्सुई या बड्या कंपनीने चाचणीचे आकडे खोटे दिल्याचे उघडकीस आले. म्हणजे अनुदान हवे आणि सार्वजनिक चाचणीही हवी. चाचणीसाठी आपल्याला टोकियोला जाण्याचे कारण नाही. वाहनांना प्रमाणपत्र देण्याचा अधिकार ज्या मोजक्या संस्थांना केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दिला, त्यांत संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे, आणि ती आपल्या वाहननगरलाच आहे. इंधनाची सबबही उरलेली नाही: गंधकाने कन्व्हर्टर खराब होतो ही जुनी तक्रार होती, पण एप्रिल २०२० पासून देशभर विकल्या जाणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत दहा भाग इतकी खाली आली आहे.

पैशाचेही तसेच. राज्याने २०१० साली आठ वर्षांवरील व्यापारी वाहनांवर पर्यावरण कर बसवला. पर्यावरणाच्या नावाने चालकाकडून घेतलेला पैसा त्याच्याच गाडीचे नोझल, एअर फिल्टर आणि कन्व्हर्टर दुरुस्त करण्यासाठी परत आला पाहिजे; काळ्या धुराचे निम्मे दुखणे तर नोझल, फिल्टर आणि जादा भार यांतच असते. आयटीआयच्या कार्यशाळांतून हे काम होऊ शकेल. उरलेला वाटा आपल्या हाताशी आहे. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला, त्या जिल्ह्यातील दूध संघ आणि बाजार समित्या यांचे संचालक आपल्याच मतांवर निवडून येतात. त्यांना जाब विचारायला दिल्लीचा रस्ता धरावा लागत नाही.

म्हणून माझी दुरुस्ती अशी: ‘जाचातून मुक्त करावे’ हे शब्द गाळावेत. त्याऐवजी, फीवाढ मागे घ्यावी. पर्यावरण कराच्या उत्पन्नातून जुन्या मालवाहू गाड्यांच्या धूरयंत्रणेची दुरुस्ती व्हावी. संघ आणि बाजार समित्यांनी भाड्याच्या दरात देखभालीचा स्वतंत्र आकार धरावा. आणि मालाची चढ-उतार चालू असताना आवारात इंजिन बंद ठेवण्याचा नियम करावा, हे शब्द घालावेत. शेवटच्या मागणीला एक पैसाही लागत नाही, तेव्हा तिची सुरुवात येत्या लिलावाच्या दिवशी करता येईल.