लॅक्रॉस : लहान खेळाडूंचे साहित्य

लॅक्रॉसचे साहित्य घेताना खेळणारा मुलगा आहे की मुलगी, हे आधी पाहावे लागते. कारण एकाच नावाखाली हे दोन वेगळे खेळ आहेत. उत्तर अमेरिकेतील हॉडेनोशोनी आदी मूळ रहिवाशांच्या या खेळाला मॉन्ट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी १८६७ साली लेखी नियमांत बसवले. पुढे मुलांच्या खेळात धक्काबुक्कीला आणि प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवर वा हातमोज्यावर स्टिक मारण्याला मर्यादित मुभा राहिली. मुलींच्या खेळात अंगावर धडकण्यास मनाई आहे. साहित्यातला सगळा फरक इथून सुरू होतो.

मुलाला जाळीचे हेल्मेट, माउथगार्ड, हातमोजे, छाती-खांद्याचे पॅड आणि कोपराचे पॅड लागतात. मुलीला डोळ्यांवरचा जाळीदार गॉगल आणि माउथगार्ड पुरतात. गोलरक्षक मुलगा असो वा मुलगी, त्याला हेल्मेट, गळ्याचे संरक्षण आणि छातीचे पॅड हवेच.

चेंडू भरीव रबराचा असतो. वजन सुमारे १४५ ग्रॅम, म्हणजे क्रिकेटच्या सीझन बॉलहून थोडेसेच कमी. असा चेंडू छातीवर हृदयाच्या नेमक्या जागी आणि ठोक्याच्या नेमक्या क्षणी आदळला, तर ठोक्यांची लय बिघडून खेळाडू कोसळू शकतो. लहान मुलांची छाती लवचीक असल्याने त्यांना हा धोका अधिक. म्हणून अमेरिकेत मुलांच्या खेळात गोलरक्षकांना २०२१ पासून आणि मैदानातील इतर खेळाडूंना २०२२ पासून ‘नॉक्सी’ या मानक संस्थेच्या कसोटीला उतरलेलेच छातीचे पॅड सक्तीचे झाले. जुने पॅड दिसायला धडधाकट असले तरी त्यावर या कसोटीची खूण नसेल तर ते चालत नाही.

हेल्मेट भुवयांच्या किंचित वर टेकावे. हनुवटीचा पट्टा आवळून मान हलवली, तर हेल्मेटने डोक्याबरोबरच हलावे. हातमोज्यात बोटांची टोके शेवटपर्यंत पोहोचावीत. मोजा मोठा झाला की स्टिकवरची पकड सुटते. ‘पुढच्या वर्षीही येईल’ म्हणून कपडे सैल घेण्याची रीत इथे महागात पडते. घसरलेले पॅड नेमकी झाकायची जागा उघडी टाकते.

स्टिकचे तीन भाग असतात : दांडा, डोके आणि चेंडू धरणारी जाळी. पूर्वी ती हिकरी लाकडाची आणि चामड्याच्या पट्ट्यांची असे. १९७० च्या सुमारास प्लॅस्टिकचे डोके आले आणि स्टिक हलकी व स्वस्त झाली. मुलांच्या खेळात आखूड स्टिक ४० ते ४२ इंच आणि बचावपटूची लांब स्टिक ५२ ते ७२ इंच असते. अगदी लहान वयोगटात याहून आखूड स्टिकही चालते. लांब स्टिक नवशिक्याला पेलत नाही. सुरुवात आखूड स्टिकनेच करावी. दांडा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पुरेसा. टायटेनियम वा कार्बनच्या महागड्या दांड्याचा फायदा या वयात दिसत नाही.

जाळी मात्र नीट पारखावी. मुलांच्या स्टिकमध्ये ती खोल असली तरी चेंडूचा वरचा भाग डोक्याच्या कडेच्या खालच्या काठाखाली जाता कामा नये. मुलींच्या पारंपरिक स्टिकची जाळी उथळ असते. चेंडू कडेच्या वर दिसावाच लागतो. म्हणून भावाची स्टिक बहिणीला सामन्यात वापरता येत नाही. नवी जाळी ताठ असते. भिंतीवर चेंडू मारून झेलण्याच्या सरावाने ती सैलावते.

खरेदीचा क्रमही ठरलेला असावा. आधी अंगाला बसणारे आणि मानकाची खूण असलेले संरक्षण, मग साधी स्टिक. पुढे खेळात रस टिकला आणि मैदानातील जागा ठरली, की तिला साजेशी चांगली स्टिक घ्यावी. हेल्मेट वापरलेले घेतले तर त्याला तडा गेलेला नाही आणि त्याची मानक-खूण शाबूत आहे, हे पाहिल्याखेरीज ते मुलाच्या डोक्यावर चढवू नये.