संगणकाला पाणी कोणतं द्यावं?



आपली बॅच शाळेला एक दमदार संगणक देणार, हे ठरलं. मुलं त्यावर व्हिडिओ एडिटिंग करतील, थ्रीडी शिकतील. मग ग्रुपवर सूचना आली, त्याला पाण्याचं कूलिंग बसवू. आणि "तू सॉफ्टवेअरवाली, तूच सांग" म्हणून माईक माझ्याकडे आला. माझ्या घरच्या मशीनला असा लूप आहे, त्या अनुभवावर बोलते.

हा आपला डेझर्ट कूलर नव्हे बरं का. कूलर पाण्याची वाफ करून हवा थंड करतो. संगणकात पाणी बंद नळीत फिरतं. प्रोसेसरवरच्या तांब्याच्या ब्लॉकमधून उष्णता उचलतं, रेडिएटरमध्ये सोडतं आणि पंखे ती खोलीत फेकतात. तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. म्हणून पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' हा महासंगणकही पाण्यानेच थंड ठेवतात. पण लूपमधलं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार होत नाही. मे महिन्यात खोलीत ४२ अंश असतील, तर पाणी त्याच्या वरच राहणार. तेव्हा आपल्याकडे रंगीत दिव्यांचे पैसे वाचवून रेडिएटर मोठा घ्यावा.

सगळ्यात आधी धातू बघायचा. ब्लॉक तांब्याचा असेल, तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच हवा. स्वस्त रेडिएटर ॲल्युमिनियमचे असतात. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले, की बॅटरीसारखा प्रकार होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. निकेलचा मुलामा चालतो. दुकानदार "काही होत नाही, मॅडम" म्हणेल, ऐकू नका.

आता पाणी. ज्यांच्या संत्र्याला ठिबक आहे, त्यांना बोअरच्या पाण्याबद्दल मी काय सांगू! ड्रिपरमध्ये क्षार बसतात, मग ॲसिड सोडत बसा. ब्लॉकच्या आतल्या खाचा ड्रिपरच्या वाटेपेक्षाही बारीक असतात. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. डिस्टिल्ड वॉटर घ्या, पण नुसतं नको. त्यात गंजरोधक आणि शेवाळ मारणारं औषध हवं. चांगल्या तयार कूलंटमध्ये दोन्ही असतं. मी बिनरंगाचं घेते. मोत्यासारखं चमकणारं दुधाळ कूलंट फोटोत झकास दिसतं, पण त्यातले कण खाचांत जाऊन बसतात. गाडीच्या कूलंटमधलं ग्लायकोल मुख्यतः पाणी गोठू नये म्हणून असतं. शेंदूरजनाघाटात ती भीती कोणाला?

ठिबकची नळी काळी असते, कारण उजेड मिळाला की शेवाळ धरतं. इथेही काळी ईपीडीएम रबरी नळी उत्तम. पंप विहिरीवरच्या मोटरसारखाच, कोरडा चालला की गेला. म्हणून टाकी त्याच्या वर बसवायची. जोडणी झाल्यावर बाकी संगणक बंद ठेवून २४ तास फक्त पंप चालवायचा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवून.

आणि शाळेसाठी? माझं मत साध्या, मोठ्या एअर कूलरला. लूप वर्षाकाठी उघडून धुवावा लागतो, पाणी बदलावं लागतं. तिथे हे कोण करणार? सरांच्या मागे आधीच कामं कमी आहेत का? एक सांधा गळला तर ग्राफिक्स कार्ड जाईल, आणि वर्गणीतला सर्वांत मोठा खर्च त्याचाच आहे. पंखा बंद पडला तर कोणीही स्क्रू काढून दुसरा लावेल. वाचलेल्या पैशात चांगला यूपीएस घेऊ, विजेचा लपंडाव तर आहेच.

घरी कोणाच्या मुलाला लूप बांधायचा असेल, तर जेवणानंतर भेटा. कॅबिनेटचं मॉडेल आणि नळीचा आतला-बाहेरचा व्यास तेवढा लिहून आणा, फिटिंगची यादी लगेच करून देते.