नळीवरील नांव

१९०१ सालीं दोन गोष्टी घडल्या. व्हिएन्नांत कार्ल लँडस्टायनर यांनीं मानवी रक्ताचे गट असल्याचें प्रसिद्ध केलें; अमेरिकेंत जोलिएट शहरीं दोन वर्षांच्या शिक्षणाचें पहिलें सार्वजनिक महाविद्यालय निघालें. आज अशा महाविद्यालयांत वैद्यकीय प्रयोगशाळेचें शास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या मेजावर या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. रक्तपेशी मोजणें, जंतु ओळखणें, रक्तगट ठरविणें हें तो शिकतो. पुढें रुग्णालयांत प्रत्यक्ष काम करतो. परंतु एक नियम त्याच्या मनावर पुनःपुन्हा बिंबवितात: रक्त घेतांच, रोग्याजवळून हलण्यापूर्वीं, नळीवर त्याचें नांव घालावें. गट अचूक ठरला, पण नांव शेजारच्या खाटेवरील रोग्याचें पडलें, तर विजोड रक्त चढून प्राणहि जाऊं शकतो. परीक्षेंतील चूक पुढील खेपेस सुधारतां येते. ही येत नाहीं.