छोटा कॅमेरा, त्याची बटणं आणि आपला बांध

आम्ही टोकावडे परिसरातल्या बचत गटांच्या काही जणी बोलतोय. भाकऱ्या थापून झाल्या असतील, तर हात पुसा आणि घरात जुना छोटा कॅमेरा असेल तो घेऊन बसा. तोच तो, तळहाताएवढा, लग्नकार्याला घेतलेला आणि मोबाईल आल्यापासून कपाटात कपड्यांखाली पडून असलेला. आज त्याचीच ओळख करून घ्यायची आहे.

कुणी म्हणेल, आता मोबाईल असताना हा कशाला? त्याचं कारण असं. मोबाईल घरात एक असतो, आणि तो सकाळी कल्याणला किंवा मुरबाडला कामावर जाणाऱ्याच्या खिशातून निघून जातो. दुपारी शेतात रानडुकरं शिरली, बांध फुटला, तर आपल्या हातात काही नसतं. कॅमेरा मात्र घरी राहतो. त्याला नेटवर्क लागत नाही, रिचार्ज लागत नाही, आणि त्यातले फोटो दुसऱ्याच्या फोनमध्ये अडकून बसत नाहीत.

आधी पोटाची सोय. खालचं झाकण सरकवून बघा. आत पेन्सिल सेल असतील, नाहीतर चपटी बॅटरी. पेन्सिल सेलचा कॅमेरा आपल्याकडे जास्त सोयीचा, कारण लाईट गेली तरी दुकानातून सेल आणता येतात. पण भिंतीवरच्या घड्याळाचे स्वस्त सेल यात घालू नका. कॅमेऱ्याला एकदम जोर लागतो, त्यामुळे ते पाच-दहा फोटोंतच मान टाकतात. अल्कलाईन सेल घ्या, किंवा चार्ज होणारे घ्या. नवा आणि जुना सेल जोडीला लावू नका. आणि कॅमेरा महिनाभर वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि आतल्या पट्ट्या हिरव्या पडतात.

सेलच्या शेजारी कार्डाची खाच असते. जुना कॅमेरा मोठं कार्ड ओळखत नाही. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांना 2 जीबीपर्यंतचंच साधं कार्ड चालतं, त्यानंतरच्यांना 32 जीबीपर्यंतचं. दुकानदार 64 जीबीचं गळ्यात मारत असेल तर कॅमेरा सोबत नेऊन तिथेच लावून बघा. 2 जीबीतही काही शे फोटो मावतात. मेनूमध्ये ‘फॉरमॅट’ असं दिसेल. ते दाबलं की कार्डावरचं सगळं पुसलं जातं. म्हणून पोरांना आधीच बजावून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तारीख. कॅमेरा सुरू केला की पाना किंवा दातेरी चक्राचं चित्र शोधा. त्यात तारीख आणि वेळ असते. दिवस, महिना, वर्ष, आणि सकाळ की संध्याकाळ, सगळं नीट भरा. प्रत्येक फोटोच्या आत कॅमेरा ही तारीख गुपचूप लिहून ठेवतो, फोटोवर दिसली नाही तरी. संगणकावर ती वाचता येते. सेल बरेच दिवस काढून ठेवले की मात्र आतलं घड्याळ विसरतं आणि पार मागच्या एखाद्या वर्षाच्या 1 जानेवारीला जाऊन बसतं. म्हणून सेल घातले की पहिलं काम तारीख. चुलीवर तवा ठेवण्याआधी चूल पेटली का बघतो ना, तसंच हे.

तारखेवर एवढा भर का, ते सांगतो. आपल्या भागात ठाकर, कातकरी, महादेव कोळी अशा किती घरांचे वनहक्काचे दावे आहेत. 2006 चा कायदा सांगतो की 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जी आदिवासी घरं वनजमीन कसत आली, त्यांचा त्यावर हक्क आहे. नवरा-बायको असतील तर तो हक्क दोघांच्या नावावर नोंदवायचा असतो, हे आपण बायकांनी पाठच करून ठेवायला हवं. 2008 च्या नियमांत पुराव्यांची यादी आहे. त्यात कागद आहेत, तशी जागेवरची चिन्हंही आहेत. घर, झोपडी, सपाट केलेली जमीन, घातलेले बांध, विहीर, देवस्थान, दफनाची जागा. एका पुराव्यावर भागत नाही, एकाहून जास्त लागतात. आज काढलेला फोटो वीस वर्षांपूर्वीची वहिवाट एकटा सिद्ध करत नाही, हे खरं. पण दगडी बांधावर वाढलेलं जुनं झाड, झिजलेला विहिरीचा काठ, हे तो दाखवतो. त्याच्या जोडीला म्हाताऱ्या माणसांचा जबाब असला, वनहक्क समितीची जागेवरची पाहणी असली, की दाव्याला बळ येतं.

मग असा फोटो काढायचा कसा? तीन फोटो घ्या. पहिला लांबून, ज्यात डोंगर, रस्ता किंवा शाळा असं न हलणारं काहीतरी दिसेल, म्हणजे जागा ओळखू येते. दुसरा मधून, पूर्ण खाचर आणि बांध दिसेल असा. तिसरा जवळून, बांधाचे दगड किंवा झाडाचं खोड. दरवर्षी त्याच जागी उभं राहून तोच फोटो घ्या. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते असंच थोड्या थोड्या वेळाने, एकाच जागेवरून टिपलं होतं. त्या घरात फिल्म धुण्याचं आणि तिला कडेची भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके करत. 1913 साली सिनेमा उभा राहिला तो त्यांच्याही हातांवर.

आता बटण दाबायची रीत. दोन्ही हातांनी कॅमेरा धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा. वरचं बटण एकदम दाबू नका. अर्धं दाबा आणि थांबा. कॅमेरा बारीकसा आवाज करतो आणि पडद्यावर हिरवी चौकट येते. म्हणजे त्याची नजर बसली. मग उरलेलं दाबा. निम्मे फोटो अंधुक येतात ते ही अर्धी पायरी गाळल्यामुळे.

मागच्या बाजूला फुलाचं चित्र असतं. ते फक्त फुलासाठी नाही, जवळच्या कुठल्याही वस्तूसाठी आहे. भातावरची कीड, बियाण्याच्या पिशवीवरचा नंबर, सातबारा, बँकेचं पासबुक, हे सगळं फुलाचं बटण लावून काढायचं. तेव्हा झूम करू नका, कॅमेराच वस्तूजवळ न्या. कागद दारापाशी उजेडात सपाट ठेवा आणि फ्लॅश बंद करा, नाहीतर मधोमध पांढरा डाग पडून नेमकी अक्षरं जातात. काम झालं की फूल बंद करा, नाहीतर लांबचं अंधुक येतं.

विजेच्या बाणाचं चित्र म्हणजे फ्लॅश. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण तीन मीटरपर्यंत पोचतो, म्हणजे आपल्या ओटीएवढा. म्हशाच्या जत्रेत रात्री लांबच्या पाळण्यावर फ्लॅश मारला तर पुढच्या माणसाचं डोकं तेवढं उजळतं. पण भर दुपारी डोक्यावर पदर किंवा टोपी असेल, चेहऱ्यावर सावली असेल, तेव्हा मुद्दाम फ्लॅश लावा. चेहरा उजळ येतो.

झूमच्या कळीवर डब्ल्यू आणि टी ही अक्षरं असतात. डब्ल्यूकडे दाबलं की जास्त जागा मावते, टीकडे दाबलं की लांबचं जवळ येतं. भिंग पुढे सरकतं तोवरचा झूम खरा. त्यानंतरही चित्र मोठं होत राहिलं तर तो डिजिटल झूम, म्हणजे नुसता ताणलेला पापड. तपशील वाढत नाही, चित्र फाटतं. मेनूतून तो बंदच करून टाका.

एका खुणेकडे बायका बघतच नाहीत. अधिक-उणे, एका चौकोनात. ढगाळ पांढऱ्या आभाळासमोर किंवा चुन्याच्या भिंतीसमोर आपण उभ्या राहिलो की चेहरे काळेठिक्कर येतात, आणि मग ‘आमचा फोटोच चांगला येत नाही’ म्हणून आपण मागे सरतो. दोष आपल्या रंगाचा नाही. मागच्या पांढऱ्याला बघून कॅमेरा उजेड कमी करतो, एवढंच. अधिककडे एक पायरी न्या, चेहरा आहे तसा येईल. अंधाऱ्या जागेतली उजळ वस्तू फटफटीत येत असेल तर उणेकडे न्या.

आयएसओ म्हणजे अंधारात बघण्याची ताकद. 80 किंवा 100 वर चित्र स्वच्छ येतं. 800, 1600 केलं तर अंधारातही येतं, पण रवाळ, जात्यातून जाडसर काढलेल्या पिठासारखं. त्यापेक्षा कॅमेरा उपड्या पाटीवर किंवा विटांवर टेकवा आणि घड्याळाचं चित्र लावा. दहा सेकंदांनी तो आपणहून फोटो घेतो. गटाच्या बैठकीत फोटो काढणारी बाई नेहमीच फोटोबाहेर राहते. या बटणाने तीही आत येते, आणि हजेरीला तिचाही चेहरा लागतो.

मेगापिक्सलच्या आकड्याला भुलू नका. चार बाय सहा इंचाच्या फोटोला दोन ते तीन मेगापिक्सल पुरतात. तुमचा जुना सात-आठचा कॅमेरा मोठ्या कागदावरही चांगला छापून देईल. पहिला डिजिटल कॅमेरा 1975 साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी बनवला. तो जेमतेम 0.01 मेगापिक्सलचा होता आणि एक चित्र कॅसेटवर उतरवायला त्याला 23 सेकंद लागत.

अवकाळीने कापलेलं भात भिजलं, तर आवरण्याआधी फोटो घ्या. पंचनाम्याला तलाठी, कृषी सहाय्यक येईपर्यंत दाणे अंकुरतात किंवा आपण ते उचलून टाकतो. फोटो कापू-रंगवू नका, मूळ फोटो कार्डावर तसाच ठेवा आणि दुसऱ्या ठिकाणी एक नक्कल ठेवा. वहीत लिहा, कुणाचं शेत, कुठला पाडा, कुठली तारीख.

आपल्या पावसात कॅमेऱ्याचा मोठा शत्रू ओल. भिंगात बुरशी धरली की ती निघत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात, नव्या चपलांच्या खोक्यात येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसोबत ठेवा. चुलीच्या धुरापासून लांब. भिंग पदराने पुसू नका, आधी फुंकर, मग मऊ सुती कापड. ओला झाला तर लगेच सुरू करू नका, सेल आणि कार्ड काढून दोन दिवस सावलीत वाळू द्या.

शेवटचं. पावसाळ्यात माळशेजला जाणाऱ्या गाड्या रस्त्याकडेला थांबतात, आणि चिखलात वाकून लावणी करणाऱ्या आपल्या बायकांचे फोटो न विचारता काढून निघून जातात. ते फोटो कुठे जातात, आपल्याला कळत नाही. आपल्या हातात कॅमेरा आला की आपण तसं करायचं नाही. आधी विचारायचं, काढल्यावर पडद्यावर दाखवायचं, आणि ती ‘पूस’ म्हणाली तर तिच्यासमोर पुसायचं.

या आठवड्याचं काम सांगतो. कॅमेरा शोधा, सेल घाला, तारीख लावा. मग आपल्या बांधावर जा आणि तीन फोटो काढा, लांबून, मधून, जवळून. पुढच्या बैठकीला कार्ड घेऊन या, आपण सगळ्या मिळून बघू.