नवा खांदा आणि हाताची ताकद



खांद्याचा सांधा बदललेले रुग्ण आमच्याकडे व्यायामासाठी येतात, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो. "दुखणं थांबलं, पण हात वर जात नाही. ऑपरेशन फसलं का हो?" नाही फसलं. इतक्या लवकर हात स्वतःच्या जोरावर वर जावा, अशी अपेक्षाच नसते.

गुडघा बदललेला शेजारी लगेच चालायला लागतो, म्हणून आपण तोच हिशेब खांद्याला लावतो. पण खांद्याची वाटी उथळ आणि लहान, दंडाच्या हाडाचा गोळा मोठा. तो जागेवर राहतो भोवतालच्या स्नायूंमुळे. नेहमीच्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत सांध्यापर्यंत पोचण्यासाठी पुढचा एक स्नायू बहुधा सोडवावा लागतो आणि शेवटी परत शिवतात. धातूचा गोळा त्याच दिवशी बसतो. शिवलेला स्नायू हाडाला धरायला मात्र साधारण सहा आठवडे लागतात. गळ्यातली झोळी असते ती त्याच्यासाठी.

दुसरी पद्धत 'रिव्हर्स'. फ्रान्सचे शल्यविशारद पॉल ग्रामों यांनी १९८५च्या सुमारास ती रूढ केली. हिच्यात गोळा वाटीच्या जागी आणि वाटी गोळ्याच्या जागी बसवतात. आतले स्नायू फाटून निकामी झालेले असले, तरी खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू हात उचलू शकतो. मात्र हे काम त्याला नव्याने शिकावं लागतं.

सुरुवातीचा एक व्यायाम बघा, अर्थात तुमच्या सर्जनने परवानगी दिली असेल तरच. चांगला हात ओट्यावर टेकून कमरेत वाका. ऑपरेशनचा हात अगदी सैल सोडा आणि अंग पुढे-मागे हलवा. हात आपोआप झुलला पाहिजे. तुम्ही तो झुलवलात, की शिवलेला स्नायू कामाला लागला. मूठ, मनगट, कोपर यांची हालचाल मात्र पहिल्या दिवसापासून चालू ठेवायची. पुढे उताणं झोपून काठीच्या आधाराने हात वर न्यायचा, मग स्वतःच्या जोरावर. रबरी पट्टा ओढण्याचे ताकदीचे व्यायाम बहुधा तीन महिन्यांनंतर. ताकद त्यानंतरही वर्षभर वाढत राहते.

मला काळजी वाटते ती घरातल्या सवयींची. जमिनीवरून उठताना हात टेकणं, भरलेला कुकर उचलणं, एसटीच्या दांड्याला लोंबकळणं, ब्लाउजचे मागचे हूक लावणं. हात टेकून अंगाचा भार देणं आणि हात पाठीमागे नेणं, या दोन गोष्टींनी रिव्हर्स सांधा निखळू शकतो. म्हणून काही महिने पुढून उघडणारे कपडे घाला. घालताना ऑपरेशनचा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. आणि कोणी कितीही आग्रह केला, तरी खांद्याला मालीश करून घेऊ नका, हात ओढून घेऊ नका. जखमेतून पाणी आलं, ताप आला किंवा हात एकाएकी हलेनासा झाला, तर व्यायाम थांबवून थेट सर्जनकडे जा.

दवाखान्यातून घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: सांधा कोणत्या पद्धतीचा बसवला, कोणता स्नायू शिवला आणि हात किती वळवायला मुभा आहे? उत्तरं डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या आणि ते कार्ड पहिल्याच दिवशी फिजिओथेरपिस्टला दाखवा.