मुक्या जनावराची वेदना

जालना जिल्ह्यातील शेतकरी पोळ्याला बैल पूजतो. गोऱ्हा खच्ची करतानाही तीच माया हवी. जखमेचा संदेश मज्जातंतूंवाटे प्रथम मज्जारज्जूच्या पाठीकडील पेशींकडे येतो. मेंदूकडे जाण्यापूर्वी तेथे तो सौम्य वा तीव्र होतो, असा सिद्धान्त मेलझॅक व वॉल यांनी १९६५ मध्ये मांडला. इजेनंतर मज्जारज्जूच अधिक संवेदनशील होतो, मग साधा स्पर्शही दुखतो, हे वूल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. म्हणून भूल आधीच द्यावयास हवी. अनावश्यक वेदना टाळणे हाच १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याचा हेतू आहे. गोऱ्हा पशुवैद्यकाकडेच न्यावा, हे ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी घरोघरी पटवून द्यावे.