वॉर्डाचं वातावरण कोण ठरवतं?




जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात काय, मुंबईत काय,
वॉर्डाचं वातावरण ठरवते ती इन्चार्ज सिस्टर.
राजस्थानात पुरुष परिचारकही पुष्कळ, तेव्हा कधी ब्रदरसुद्धा!

एखाद्या रुग्णाचं हृदय बंद पडलं,
तर हुकूम एकानेच द्यावा.
तिथे चर्चेला वेळ नसतो.

पण तोच हुकमी आवाज दिवसभर राहिला,
तर नवी परिचारिका शंका विचारत नाही.
औषध देताना चूक झाली, तर ती सांगत नाही.
न सांगितलेली चूक पुन्हा घडते.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात
परिचारिकांनी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळलेली आपली सहकारी अरुणा शानबाग हिला
१९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं.
मेट्रन बदलल्या. परिचारिका निवृत्त झाल्या. नव्या आल्या.
सेवा थांबली नाही.
सर्वोच्च न्यायालयानेही या सेवेचं कौतुक केलं.
नुसत्या हुकमावर असं काम इतकी वर्षं चालत नाही.

म्हणून पुन्हा सांगतो,
वातावरण इन्चार्ज सिस्टर ठरवते.

सिस्टर, ब्रदर,
आज ड्युटी बदलताना
नव्या सहकाऱ्याला एवढंच विचारा,
"काही अडलं का?"
आणि उत्तर येईपर्यंत थांबा.